कर्णबधिर मुलांसोबत काम करायचंय: इंटर्नशिप कुठे करावी, काय पदरात पाडून घ्यावं?

अबोली
नमस्कार मंडळी. बीएएसएलपीची (श्रवण आणि वाचा उपचाराची पदवी) तीन वर्षं संपत आलीत, आता इंटर्नशिपचं वर्ष. पुढे लहान मुलांसोबतच, त्यातही शून्य ते सहा वयोगटात काम करायचं हे पक्कं आहे. कॉलेजने पसंतीक्रम मागितलाय. पर्याय असे: मोठ्या सरकारी रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग, एका संस्थेचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिल्ह्याच्या ठिकाणची निवासी कर्णबधिर शाळा आणि कॉक्लियर इम्प्लांटचं (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं श्रवण उपकरण) काम करणारं एक खाजगी क्लिनिक. वर्गातले सगळे 'नाव मोठं ते घे' म्हणतायत. या क्षेत्रातल्यांनी सांगा, कुठे काय शिकायला मिळतं आणि त्याचा पुढच्या कामावर नक्की काय परिणाम होतो? माझी रूममेट विशेष बी.एड.ला आहे, श्रवणदोष शाखेत. तिलाही हेच विचारायचंय.

कर्णोपकर्णी
नाव बघू नकोस. एकच प्रश्न विचार: इथे तेच मूल मला तीन-चार महिने दर आठवड्याला दिसणार आहे का? दिसणार असेल तर ती जागा वर घे. या कामातला खरा निर्णय एका दिवसात कधीच होत नाही. श्रवणयंत्र बसवलं, त्याने काय बदललं, काय बदललं नाही, मग सेटिंग फिरवलं, मग घरी काय झालं, हा अख्खा फेरा एकदा तरी डोळ्यांसमोर पूर्ण व्हायला हवा. ज्यांनी तो पाहिला नाही ते पुढची दहा वर्षं रिपोर्ट उत्तम लिहितात आणि थेरपीच्या खोलीत चाचपडतात.

म्हणून सरकारी रुग्णालय टाळायचं असं नाही. उलट पहिले तीन-चार महिने तिथेच घे. तिथली गर्दी हेच तिथलं शिक्षण. नायरसारख्या ठिकाणी किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ज्या तऱ्हेची मुलं एका सकाळी बाकावर बसलेली असतात, ती खाजगीत वर्षभरात दिसणार नाहीत. पण तिथून या गोष्टी घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस:

बेरा, म्हणजे झोपलेल्या मुलाची इलेक्ट्रोड लावून करायची श्रवणचाचणी. त्वचा नीट घासून इलेक्ट्रोड लावायचे, इम्पीडन्स ५ किलोओहमच्या आत आणि दोन इलेक्ट्रोडमधला फरक २ च्या आत. हे झाल्याशिवाय 'सुरू' दाबायचं नाही. मूल झोपलंय म्हणून घाई होते, ८ किलोओहमवर रेकॉर्डिंग चालू होतं आणि मग लहरी म्हणून गोंगाटच छापला जातो. आईला आदल्या दिवशीच सांगून ठेव: सकाळी बाळाला नेहमीपेक्षा दोन तास लवकर उठव, रिक्षात झोपू देऊ नकोस, दूध इलेक्ट्रोड लावून झाल्यावर पाज. निम्म्या 'मूल झोपलं नाही, पुन्हा या' भेटी या तीन सूचना न दिल्यामुळे होतात. सांगलीहून मुंबईला आलेल्या आईसाठी 'पुन्हा या' म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, क्लिक बेरात ९० डेसिबलला लहर आली नाही म्हणजे मुलाला काहीच ऐकू येत नाही, हा निष्कर्ष. तो काढायचा नाही. क्लिक प्रामुख्याने २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगतो. २५० किंवा ५०० ला चांगलं उरलेलं श्रवण असू शकतं. ५०० चा टोनबर्स्ट किंवा एएसएसआर, म्हणजे वारंवारतेनुसार चाचणी, केल्याशिवाय यंत्र लावायला बसू नये. आणि ओएई (आतल्या कानाची चाचणी) पास, बेरा सपाट, असं दिसलं तर कागद बाजूला ठेवून सिनियरला हाक मार. ती ऑडिटरी न्यूरोपथी (आवाज कानात पोचतो, पण नसेतून संदेश नीट जात नाही) असू शकते आणि तिथे पुढचा सगळा मार्ग वेगळा.

तिसरं, खेळातून श्रवणचाचणी. अडीच वर्षांपासून पुढे ही जमते. ठोकळा कानाशी धरायचा, आवाज आला की डब्यात टाकायचा. नवशिक्यांची चूक ठरलेली: आवाज ठराविक अंतराने देतात. मुलं हुशार असतात, ती आवाज नाही, ताल पकडतात. दोन आवाजांमधला वेळ बदलत राहा, मध्येच दहा सेकंद गप्प बस. ठोकळा टाकण्याआधी मूल तुझ्या हाताकडे किंवा चेहऱ्याकडे बघत असेल तर तो प्रतिसाद धरू नकोस. क्रमसुद्धा डोक्याने लाव. आधी एका कानात ५०० आणि २०००, मग दुसऱ्या कानात तेच. मूल सातव्या मिनिटाला कंटाळलं तरी दोन्ही कानांचा उतार हाताशी असतो. पुस्तकी क्रमाने एकाच कानाच्या सगळ्या वारंवारता घेत बसलीस तर दुसरा कान कोराच राहतो.

पेढेवाला
वरचा प्रतिसाद छापून इंटर्न रूममध्ये डकवावा. चहाच्या डागांसकट.

खडूफळा
कर्णोपकर्णींशी सहमत, पण निवासी शाळेबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. ऑडिओलॉजीचे इंटर्न शाळेला 'दुय्यम पोस्टिंग' समजतात आणि तिथेच फसतात. यंत्र क्लिनिकमध्ये बसवलं जातं, पण वापरलं जातं (किंवा वापरलं जात नाही) शाळेत आणि घरात.

शाळेत पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात एकच काम माग: सकाळची यंत्रतपासणी. आठ-दहा मुलांचा वर्ग, पंधरा ते वीस मिनिटं. लागणारं सामान एका खोक्यात मावतं: स्टेथोसेट, बॅटरी टेस्टर, हवा मारायचा छोटा फुगा, मळ काढायची तार, निळ्या पट्टीच्या ६७५ आणि केशरी पट्टीच्या १३ नंबरच्या बॅटऱ्या, थोडी ट्यूब, कात्री, सिलिका जेलच्या पुड्या. क्रम असा: बॅटरी मोजायची, यंत्र स्टेथोसेटला लावून स्वतः ऐकायचं, यंत्रावर बोटाने हलकेच टिचकी मारून आवाज तुटतो का बघायचा, ट्यूबमध्ये पाण्याचे थेंब आहेत का बघायचे, मोल्डचं (यंत्राचा कानात बसणारा साचा) भोक मोकळं आहे का बघायचं. मग यंत्र मुलाच्या कानात घालून लिंग (Ling) या तज्ज्ञाच्या नावाचे सहा तपासणी-ध्वनी.

पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर निम्मी यंत्रं ट्यूबमधल्या पाण्याच्या थेंबाने बंद पडतात. 'यंत्र बिघडलं' म्हणून ती दुरुस्तीला पाठवली जातात आणि मूल महिनाभर यंत्राविना बसतं. ट्यूब यंत्रापासून काढून फुग्याने दोनदा हवा मारली की काम होतं. बॅटरीचंही तसंच. झिंक-एअर बॅटरीची पट्टी सोलल्यावर मिनिट-दोन मिनिटं तशीच उघडी ठेवायची, मग आत घालायची. लगेच घातली तर ती पुरेसा दाब गाठत नाही आणि लवकर संपल्यासारखी वाटते. पट्टी काढून परत चिकटवली म्हणजे बॅटरी वाचते, हा गैरसमज प्रत्येक वसतिगृहात असतो. वाचत नाही.

अबोली
लिंगचे सहा ध्वनी कॉलेजमध्ये शिकलोय: म, ऊ, आ, ई, श, स. पण शाळेत मूल सगळ्यालाच मान हलवतं असं ऐकलंय. तिथे काय करायचं?

खडूफळा
मान हलवणं म्हणजे 'ऐकलं' नव्हे, 'ताईंना खूश केलं'. त्यामुळे दोन पायऱ्या. आधी फक्त आला-नाही-आला: आवाज आला तर मणी टाक. ते पक्कं झालं की ओळख: मूल तोच ध्वनी परत म्हणेल किंवा चित्रावर बोट ठेवेल. प्रत्येक ध्वनीला एक चित्र ठरवून द्यायचं आणि वर्षभर बदलायचं नाही.

तोंड झाकताना हात ओठांना चिकटवायचा नाही, कागदही सपाट धरायचा नाही. 'स' ची ऊर्जा वरच्या वारंवारतांत असते आणि ती कागदाने अडते, मग मूल नापास होतं आणि दोष यंत्राला लागतो. झिरझिरीत कापड ताणलेली भरतकामाची रिंग सगळ्यात उत्तम, नाहीतर मुलाच्या बाजूला किंचित मागे बस. आधी एका मीटरवर, मग तीन मीटरवर. एकेक कान वेगळा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर पास झालेलं मूल मागच्या बाकावर का हरवतं, ते इथे समजतं. आणि मध्ये एखादा 'मौन' ध्वनी टाक, म्हणजे ओठ हलवल्यासारखं कर पण आवाज काढू नकोस. मणी पडला तर समजायचं की मूल अंदाजाने खेळतंय.

आता निदान. काल सहाही येत होते आणि आज 'स', 'श' गेले: ट्यूब, मोल्डचं भोक, मायक्रोफोनची जाळी या क्रमाने बघ. सगळेच ध्वनी अंतरानुसार मंदावलेत: बॅटरी. सगळं ठीक आहे तरी 'म', 'ऊ' सुद्धा गेले आणि मूल सर्दीने शेंबडं आहे: मधल्या कानात पाणी असू शकतं, कान-नाक-घसा डॉक्टरकडे पाठव. रोजच्या वहीत फक्त सहा रकाने आणि बरोबर-चूक. महिनाभरात प्रत्येक मुलाचा स्वभाव आणि त्याच्या यंत्राचा स्वभाव, दोन्ही कळतात. इम्प्रेशन, म्हणजे मोल्डसाठी कानाचं माप, घ्यायलाही शाळेतच शीक. क्लिनिकमध्ये महिन्याला चार मिळतील, शाळेत जूनमध्ये एका दिवसात वीस.

कर्णोपकर्णी
इम्प्रेशनबद्दल भर घालतो, कारण इथे हात बसला तर आयुष्यभर पुरतो आणि चुकला तर त्याची किंमत मूल मोजतं.

आधी ऑटोस्कोपने कान बघायचा. मळ, स्राव, पडद्याला भोक, काहीही संशयास्पद दिसलं तर इम्प्रेशन नाही, डॉक्टर. तान्ह्या मुलाचा कान खाली आणि मागे ओढायचा, मोठ्या मुलाचा वर आणि मागे. दोरी बांधलेला स्पंजचा गोळा दुसऱ्या वळणाच्या पलीकडे गेला पाहिजे. अलीकडे राहिला तर मोल्डची दांडी आखूड होते. सिलिकॉनचे दोन भाग सारखे घे, रंगाच्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत पटकन मळ, अर्ध्या मिनिटाच्या वर नको. सिरिंजचं टोक मसाल्यात बुडलेलंच ठेवून मागे मागे येत भरायचं, नाहीतर हवेचे बुडबुडे राहतात. आणि त्या चार-पाच मिनिटांत मुलाने जबडा हलवू नये म्हणून गोळी-चॉकलेट देऊ नकोस. खूप जण नेमकं हेच देतात.

आता मोल्ड सैल झाला तर काय होतं ते बघ. यंत्र शिट्टी मारतं. शिट्टीने आजी वैतागते, वर्गातल्या बाई वैतागतात, कुणीतरी आवाज कमी करून ठेवतं. शिट्टी थांबते, सगळे खूश. मुलाला मात्र आता 'स', 'श', 'त', 'क' ऐकूच येत नाहीत. सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं जातं 'थेरपीला प्रतिसाद कमी'. खरं कारण होतं मोल्ड. वर्षाच्या आतल्या बाळाचा मोल्ड दोन-तीन महिन्यांत लहान होतो, शाळकरी मुलाचा सहा महिने ते वर्षभरात. पालकांना पहिल्याच भेटीत हे वेळापत्रक दे.

दोन_हात
मी स्वतः कर्णबधिर आहे आणि सांकेतिक भाषा शिकवतो. वरचं सगळं वाचलं, माहिती पक्की आहे. पण इतक्या प्रतिसादांत यंत्र, मोल्ड, बॅटरी आहे आणि भाषा एकदाही नाही. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. त्या घरात मुलाला पहिल्या दिवसापासून सहज दिसेल अशी भाषा नसते. यंत्र बसेपर्यंत, मग आवाजाची सवय होईपर्यंत मूल दोन-तीन वर्षांचं होतं. त्या काळात त्याच्याशी कोण काय बोलतं?

अबोली, तुझ्या यादीत एकही जागा अशी नाही जिथे प्रौढ कर्णबधिर माणूस तुझा वरिष्ठ असेल. अशी जागा शोध, दोन महिन्यांसाठी का होईना. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ ला सुरू झालं, त्याचा दहा हजार शब्दांचा कोश मोफत बघता येतो, पण कोशातून खुणा येतील, भाषा येणार नाही. भाषा माणसांतच बसून येते. निवासी शाळेत गेलीस तर संध्याकाळी वसतिगृहात बस. वर्गात गप्प असणारं पोरगं तिथे अख्ख्या क्रिकेट मॅचचं वर्णन हाताने करतं. ते वर्णन तुला समजलं नाही तर त्याच्या 'भाषा विकास मंद' या शेऱ्यावर सही करायचा तुला अधिकार नाही.

कर्णोपकर्णी
@दोन_हात, शेवटच्या वाक्यावर आक्षेप नाही. पण शून्य ते तीन वयात, ज्या मुलाला इम्प्लांट होणार आहे, त्याच्या पालकांना मी आधी श्रवणावर भर द्यायलाच सांगेन. वेळ मर्यादित असतो. जन्मजात श्रवणदोष असलेल्या बाळासाठी एडिप या दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या सरकारी योजनेत इम्प्लांटची वयोमर्यादाच पाच वर्षं आहे. पहिल्या महिन्यात प्राथमिक श्रवणतपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत हस्तक्षेप, हा जगभरचा दंडक आहे आणि आपल्याकडे निदानच दोन-अडीच वर्षांना होतं.

दोन_हात
वेळ मर्यादित आहे म्हणूनच दोन्ही हवं म्हणतो. इम्प्लांटसाठी थांबलेलं मूल त्या आठ-दहा महिन्यांत 'दूध', 'अजून', 'नको', 'दुखतंय' खुणेने सांगू शकत असेल तर त्यात श्रवणाचं काय जातं? आणि इम्प्लांटचं बाहेरचं यंत्र रात्री काढलेलं असतं, अंघोळीला काढलेलं असतं, केबल तुटली की आठवडाभर बंद असतं. तेव्हा काय करायचं? हा वाद इथे मिटणार नाही. माझं म्हणणं इंटर्नपुरतं आहे: वर्षभरात एकाच पद्धतीची जागा बघितलीस तर तीच पद्धत निसर्गनियम वाटायला लागते.

खडूफळा
@दोन_हात +१. हा वाद प्रत्येक धाग्यावर होतो, पण शेवटचं वाक्य लाख मोलाचं.

रूममेटसाठी लिहितो. विशेष बी.एड.च्या सरावात पाठांचे आकडे भरायची घाई असते. त्यात एक पाठ तरी दिग्दर्शित कृतीचा, म्हणजे मुलांकडून काही करून घेत भाषा शिकवायचा, नीट कर. उदाहरणार्थ लिंबू सरबत. बहुतेक पाठ-टाचणांत वीस-पंचवीस शब्द असतात: लिंबू, साखर, मीठ, पातेलं, चमचा, गाळणी, थंडगार, तहान... इतके नकोत. पाच क्रियापदं घे: चिरणे, पिळणे, ढवळणे, गाळणे, ओतणे. नामं मुलांना पुष्कळ येतात, क्रियापदांतच ती अडतात. आणि साखर मुद्दाम टेबलावर ठेवू नकोस. पहिला घोट घेऊन मुलं तोंड वाकडं करतील, काहीतरी मागतील. आता तुला वाक्य शिकवायला कारण मिळालं. साखर समोर असती तर तू बोलली असतीस आणि मुलांनी नुसतं बघितलं असतं.

नंतर तेच फळ्यावर. इथे मराठीची खास अडचण येते. 'मुलीने आंबा खाल्ला', 'मुलीने पोळी खाल्ली', 'मुलाने पोळी खाल्ली'. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, आणि 'ने', 'ला', 'त', 'हून' हे प्रत्यय बोलताना इतके हळू उच्चारले जातात की यंत्रातून अर्धेच पोचतात. ओठांवर तर दिसतच नाहीत. म्हणून मुलं लिहितात 'मुलगी आंबा खाल्ली'. लाल खुणा करून हे सुटत नाही. प्रत्यय वेगळ्या रंगाच्या खडूने लिही, तीच कृती आंबा-पोळी असं कर्म बदलून पुन्हा करून घे, आणि प्रत्येक वेळी मूल स्वतः शेवटचं अक्षर बदलेल असं कर. ओठवाचनावर विसंबू नकोस हेही त्यातच आलं: पाय, बाय, माय हे तिन्ही शब्द ओठांवर एकसारखे दिसतात, आणि क, ख, ग ओठांवर दिसतच नाहीत.

खिडकीकडे पाठ करून उभी राहू नकोस, चेहरा काळा दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आधी लिही, मग वळ, मग बोल. बाकं रांगेत नकोत, अर्धवर्तुळात हवीत. मुलांना एकमेकांचे चेहरे आणि हात दिसले पाहिजेत.

घाटवाट
शहरातल्या चार पर्यायांत गावाकडची एकही जागा नाही, म्हणून पाचवा सुचवतो. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासून संशयित मुलं इथे पाठवतात. तालुक्याला समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, ते सर्वसाधारण शाळांत बसलेल्या कर्णबधिर मुलांकडे फिरतात. त्यांच्याबरोबर महिनाभर फिरायची परवानगी कॉलेजकडून माग.

तिथे काय दिसेल? पत्र्याचं छत, पावसाचा आवाज, एका खोलीत दोन इयत्ता आणि मागच्या बाकावर शिबिरात मिळालेलं यंत्र खिशात ठेवून बसलेलं मूल. क्लिनिकच्या शांत खोलीत शिकलेलं यातलं काय चालतं आणि काय नाही, ते अर्ध्या तासात कळतं. सर्वसाधारण शाळेच्या गुरुजींना देण्यासाठी तीनच सूचना तयार ठेव, दहा दिल्या तर एकही होत नाही: मुलाला पुढच्या बाकावर, ज्या कानाने बरं ऐकतं तो वर्गाकडे, नाव घेऊन आधी लक्ष वेधा, मग प्रश्न विचारा, 'समजलं का?' विचारू नका, 'काय सांगितलं ते सांग' म्हणा.

आणि कागदपत्रं शीक. ही कोणी शिकवत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल तोटा म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे ऐकण्यास कठीण. यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) कसं काढायचं, दहावीला भाषेची सवलत आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ कसा मागायचा, एडिपचा अर्ज कुठे. पालक तुला ऑडिओग्रामबद्दल एकदा विचारतील, दाखल्याबद्दल दहादा.

अबोली
सगळ्यांचे आभार, वही भरतेय. खाजगी इम्प्लांट क्लिनिकबद्दल कुणीच फारसं बोललं नाही. ते शेवटी ठेवू का? आणि पालकांशी बोलायची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

कर्णोपकर्णी
शेवटी ठेव, पण ठेव. ऑपरेशननंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी स्विच-ऑन होतं, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू करतात, मग मॅपिंगच्या (सेटिंग जुळवण्याच्या) भेटी सुरू होतात. एका मुलाच्या स्विच-ऑनपासून पुढची तीन-चार मॅपिंग सलग बघायला मिळतील का, हे आधीच विचारून घे. नुसते स्विच-ऑनचे व्हिडिओ काढायला आणि फाइली लावायला ठेवत असतील तर जाऊ नकोस. तिथे हेही शीक की मुलाचं श्रवणवय स्विच-ऑनच्या दिवसापासून मोजायचं. चार वर्षांच्या मुलाचं श्रवणवय सहा महिने असू शकतं आणि अपेक्षा त्याप्रमाणेच ठेवायची.

अजून एक: सॉफ्टवेअरमध्ये यंत्र रोज सरासरी किती तास चालू होतं ते दिसतं. आई म्हणते 'दिवसभर घालतो', पडद्यावर २ तास दिसतात. तिला खोटं पाडू नकोस. विचार की कुठल्या वेळी घालणं सगळ्यात अवघड जातं. उत्तर येतं: टोपीत अडकतं, शेजारची मुलं ओढतात, सासूबाईंना आवडत नाही, केबल महाग आहे म्हणून जपून ठेवते. यातल्या प्रत्येकाला उपाय वेगळा.

वाचनमात्र
पालक म्हणून एवढंच. इंटर्न ताई-दादांनी आम्हाला निकाल सांगू नये. 'बोलेल का?' हा प्रश्न आम्ही शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना विचारतो. 'हो, नक्की बोलेल' म्हणालात तरी त्रास, 'सांगता येत नाही' म्हणून उठलात तरी त्रास. 'पुढच्या भेटीपर्यंत आपण हे बघायचंय' असं सांगा आणि कागदावर मराठीत दोनच गोष्टी लिहून द्या. घरी खेळायचं काय? स्वयंपाक करताना करता येईल असं सांगा. तुमच्या खोलीतली महागडी खेळणी आमच्या घरी नसतात. आणि आजीला खोलीत येऊ द्या. दिवसभर मूल तिच्याजवळच असतं.

खडूफळा
वरच्या प्रतिसादाला दंडवत.

दोन रुक्ष पण लागणाऱ्या गोष्टी. लॉगबुक रोजच्या रोज भर आणि आठवड्याला सही घे. पर्यवेक्षक बदली होऊन गेला की चार महिन्यांच्या तासांवर सही करायला कोणी तयार होत नाही, आणि आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीला तेच कागद लागतात. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. 'केस पाहिली' आणि 'केस केली' हे वेगळ्या रकान्यांत लिही.

दुसरं, मुलांची सुरक्षितता. एकट्या मुलासोबत बंद दाराआड बसायचं नाही, दाराला काच नसेल तर दार उघडं. मुलांचे फोटो-व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलमध्ये नाहीत, पालकांची लेखी संमती असेल तर संस्थेच्या यंत्रावर. निवासी शाळेत एखादं मूल खुणेने काही अत्याचाराचं सांगत असेल तर स्वतः चौकशी करत बसायचं नाही आणि दाबूनही ठेवायचं नाही. पोक्सो कायद्यात कळवणं बंधनकारक आहे, आणि ते 'इंटर्न'लाही लागू आहे. पोलिसांना कळवायचं, १०९८ वरही फोन करता येतो. असं सांगणारी खूण तुला समजायला हवी, हे दोन_हात यांच्या मुद्द्याला धरूनच आलं.

घाटवाट
नोकरीच्या बाजूने: लहान मुलांच्या केंद्रांत मुलाखतीत मार्कशीट चाळतात, मग एक मूल आणि दहा मिनिटं देतात. हे मूल तुम्हाला ओळखत नसतं, बहुधा रडवेलं असतं, कधी यंत्र बंद असतं आणि ते मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं. ज्यांनी शाळेत सकाळची तपासणी केलेली असते ते आधी यंत्र बघतात. बाकीचे लगेच चित्रं काढून 'हे काय आहे?' विचारायला लागतात आणि मूल आईच्या पदरात शिरतं. निवड तिथेच होते.

अबोली
क्रम असा लावतेय: रुग्णालय चार महिने, संस्थेचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र तीन, निवासी शाळा तीन, क्लिनिक दोन. डीईआयसीचं विचारून बघते. बरोबर?

कर्णोपकर्णी
शाळा आणि हस्तक्षेप केंद्र यांची अदलाबदल कर, शाळा जूनपासून येईल अशी. नवं सत्र, सगळ्यांचे मोल्ड बदलायचे, पावसाळा तोंडावर. डिसेंबरात गेलीस तर स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम घेत बसशील.

दोन_हात
तालीमही घ्यावी. ठेका पायाने, लाकडी फळीवर. पण जूनच बरा.